टेकडी सोडणाऱ्यांचे पुढे काय झाले?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात मुलांची टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा झाली. अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून झेल सुटला आणि आमच्या वस्तीचा संघ हरला. त्याच रात्री त्या झेलाचे चित्रण मोबाइलच्या गटांमध्ये फिरू लागले. कुणी त्यावर गाणे चढवले, कुणी त्या मुलाला टोपणनाव दिले. मगरिबनंतरच्या माझ्या दर्सला तो पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, “मौलाना, खेळणं तर सोडलंच, आता मस्जिदला यायलाही लाजतो. तुम्हीच समजवा त्याला.” मुलगा बराच वेळ मान खाली घालून बसला होता. मग त्याने मला विचारले, “मौलाना, तुम्ही बयानात सांगितलं होतं ना, उहुदवर ज्यांनी टेकडी सोडली, त्यांच्यामुळे मुसलमानांचं नुकसान झालं. मग नंतर त्यांना मस्जिदमध्ये येऊ देत होते का?”

त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. उहुदचा प्रसंग मी कितीतरी जुमाच्या खुतब्यांत सांगितला होता. प्रत्येक वेळी मी टेकडीपर्यंत येत असे, आज्ञाभंगाचा परिणाम सांगत असे आणि तेथेच थांबत असे. कुरआन मात्र तेथे थांबत नाही. त्या तिरंदाजांची चूक सांगून झाल्यावर तो त्यांच्याविषयी पुढे जे सांगतो, ते मी या मुलापर्यंत कधी पोहोचवलेच नव्हते. म्हणूनच आजचा हा पाठ लिहीत आहे. चूक झाल्यावर तिची चर्चा कशी करावी, चुकीला चूक म्हणत असतानाच माणसाला कसे सांभाळावे, हा त्याचा विषय आहे. प्रश्न मैदानातून आला आहे, म्हणून आधी मैदानावरचेच एक उदाहरण पाहू आणि मग उहुदकडे वळू.

जगातील सर्वोत्तम संघाचा पराभव

न्यूझीलंड हा छोटासा देश आहे. पण रग्बी या खेळात त्याच्या संघाचा दबदबा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. काळ्या पोशाखामुळे हा संघ ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणून ओळखला जातो. १९८७ साली झालेला पहिला रग्बी विश्वचषक त्यांनी जिंकला. त्यानंतर मात्र दर चार वर्षांनी ते प्रमुख दावेदार म्हणून जात आणि रिकाम्या हाताने परतत.

६ ऑक्टोबर २००७ रोजी वेल्समधील कार्डिफ येथे उपांत्यपूर्व फेरीत त्यांची फ्रान्सशी गाठ पडली. मध्यंतराला न्यूझीलंड १३–३ असे पुढे होते. सामना संपला तेव्हा मात्र फ्रान्स २०, न्यूझीलंड १८ असे गुण होते. विश्वचषकातून इतक्या लवकर हा संघ यापूर्वी कधीच बाहेर पडला नव्हता.

देशभर संताप उसळला. फ्रान्सच्या निर्णायक गुणांआधी चेंडू नियमाविरुद्ध पुढच्या दिशेने फेकला गेला होता आणि पंचांच्या ते लक्षात आले नव्हते. त्या तरुण पंचांवर शिव्यांचा भडिमार झाला. मुख्य प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांना काढून टाका, अशी मागणी होऊ लागली. तोपर्यंतची रीतही तशीच होती: विश्वचषक हरला की प्रशिक्षक बदलायचा आणि नव्या माणसाकडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. परिणामी एकाने मोठी किंमत मोजून जे शिकून घेतले, ते त्याच्यासोबतच बाहेर जाई.

या वेळी तेथील रग्बी मंडळाने वेगळे पाऊल उचलले. अर्ज मागवून, इतर उमेदवारांचा विचार करून डिसेंबर २००७ मध्ये त्याने हेन्री यांचीच पुन्हा नेमणूक केली. कर्णधारपदही रिची मॅकॉ या तरुण खेळाडूकडेच राहिले. दुसरीकडे पराभवाची स्वतंत्र तपासणी करवून घेतली आणि तिचा अहवाल २००८ मध्ये लोकांसमोर ठेवला. माणसांना दुसरी संधी मिळाली. चुकांवर मात्र पांघरूण घातले गेले नाही.

तपासण्यासारखे पुष्कळ होते. त्या वर्षी बावीस प्रमुख खेळाडूंना एका मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातून बाहेर ठेवून केवळ शारीरिक तयारी करून घेतली होती. तो निर्णय योग्य होता का? संघात सतत अदलाबदल करण्याचे धोरण बरोबर होते का? सर्वांत बोचरा प्रश्न होता तो सामन्याच्या अखेरच्या मिनिटांचा. संघ दोन गुणांनी मागे होता. रग्बीत चेंडू हातातून जमिनीवर टाकून, उसळताच लाथेने दोन खांबांमधून पलीकडे मारला की तीन गुण मिळतात. तेवढ्याने सामना जिंकता आला असता. पण खेळाडू मिनिटामागून मिनिट एकाच पद्धतीने पुढे धडका देत राहिले, आणि अगदी शेवटी दुरून केलेला एक प्रयत्न वाया गेला. मैदानावर जगातील निवडक खेळाडू होते. काय करायला हवे हे त्यांना ठाऊक होते. पण दडपणाखाली ते सुचले नाही.

हा निष्कर्ष मान्य करणे सोपे नव्हते. पंचांना दोष देण्याची सोय हाताशी होती आणि त्यात काही तथ्यही होते. पण पंचांची चूक सुधारणे संघाच्या हाती नव्हते. स्वतःच्या डोक्यावर ताबा ठेवणे हाती होते. पुढील काळात संघाने सेरी इव्हान्स या मनोविकारतज्ज्ञांची मदत घेतली. खेळाडूंनी दोन मनःस्थिती ओळखायला शिकून घेतल्या: एक तापलेली, जिच्यात माणूस घाबरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, दुसरी शांत, जिच्यात त्याला आजूबाजूचे दिसते. श्वासावर लक्ष आणणे, पायाखालची जमीन जाणवून घेणे अशा साध्या खुणांनी पहिलीतून दुसरीत कसे यायचे, याचा सराव त्यांनी केला.

२३ ऑक्टोबर २०११ रोजी ऑकलंड येथे अंतिम सामना झाला. समोर पुन्हा फ्रान्सच होता. प्रशिक्षक तेच, कर्णधारही तोच. न्यूझीलंड ८–७ असे एका गुणाने जिंकले. शेवटची तीसहून अधिक मिनिटे तो एक गुण त्यांनी डोके शांत ठेवून राखला.

त्या विजयातील निर्णायक तीन गुण स्टीफन डोनाल्ड या खेळाडूचे होते. आदल्या वर्षी, २०१० मध्ये, हाँगकाँग येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने मारलेला एक चेंडू मैदानाबाहेर गेला नाही आणि अखेरच्या क्षणी सामना हातचा गेला. लोकांनी त्याची इतकी हेटाळणी केली की त्याचे नावच पराभवाचा समानार्थी शब्द बनले. विश्वचषकाच्या मूळ संघात तो नव्हता. त्याच्या जागेचे खेळाडू एकामागून एक जखमी झाले, तेव्हा त्याला बोलावणे गेले. त्या वेळी तो मासेमारी करत होता. अंतिम सामन्यात तिसरा खेळाडूही जखमी होऊन बाहेर गेला आणि डोनाल्ड मैदानात उतरला. ज्याला लोकांनी टाकून दिले होते, त्याच्याच पायाने देशाला चोवीस वर्षांनी विश्वचषक मिळाला.

उहुदनंतर कुरआनने काय शिकवले?

आता उहुदकडे येऊ. सहाबा-ए-किराम (रजि.) आणि खेळाडू यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही, ती होऊच शकत नाही. एक मामला दीनचा आणि प्राणांचा होता, दुसरा खेळाचा. पण मनुष्यस्वभाव एकच आहे. जे दुनियेला बऱ्याच अनुभवांनंतर उमगते, ते रब्बुल आलमीनने चौदा शतकांपूर्वी आपल्या किताबात शिकवून ठेवले आहे, एवढेच ध्यानात आणून द्यायचे आहे.

हिजरी ३, शव्वालचा महिना. मक्केहून कुरैशचे सुमारे तीन हजारांचे सैन्य मदीनेवर चालून आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांशी सल्लामसलत केली. शहरात राहूनच मुकाबला करावा, असा स्वतः प्रेषितांचा (स.) कल होता. पण बद्रमध्ये सहभागी होऊ न शकलेल्या अनेक तरुणांनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला आणि प्रेषितांनी (स.) तो मान्य केला. सुमारे एक हजार लोक निघाले. वाटेत अब्दुल्लाह बिन उबय तीनशे जणांना घेऊन माघारी वळला, सातशे उरले.

सैन्याच्या पाठीमागील टेकडीवर प्रेषितांनी (स.) पन्नास तिरंदाज ठेवले आणि हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांना त्यांचे प्रमुख नेमले. आम्ही जिंकत असू वा हरत असू, माझा निरोप येईपर्यंत जागा सोडू नका, असे त्यांना बजावले होते. सुरुवातीला विजय मिळू लागला. कुरैश पळू लागले, तेव्हा लढाई संपली असे समजून बहुतेक तिरंदाज गनीमतीकडे धावले. त्यांच्या प्रमुखांनी आठवण करून दिली, तरी ते थांबले नाहीत. मोकळी झालेली ती बाजू पाहून खालिद बिन वलीद, जे तोवर मुसलमान झाले नव्हते, त्यांनी घोडदळ घेऊन मागून हल्ला केला. सत्तर सहाबा शहीद झाले, प्रेषितांचे (स.) काका हजरत हमजा (रजि.) त्यांत होते. खुद्द प्रेषितांचा (स.) चेहरा जखमी झाला आणि दात मुबारक शहीद झाला.

माझे खुतबे येथे संपत असत. सूरह आलि-इम्रानमध्ये मात्र १२१व्या आयतीपासून हा प्रसंग सुरू होतो आणि पुढे पन्नासहून अधिक आयतींपर्यंत त्याचा मागोवा घेतला जातो. पराभवाच्या जखमा ओल्या असताना उतरलेल्या या आयतींची पद्धत नीट पाहिली, तर पाच गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली गोष्ट, चूक स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. १५२व्या आयतीचा आशय असा, की अल्लाहने आपला वायदा पूर्ण केला होता. मग तुम्ही कमजोर पडलात, आपसांत वाद घातलात आणि आवडती गोष्ट डोळ्यांसमोर दिसल्यावर हुकूम मोडलात. पराभव कोणत्या क्रमाने घडला हे येथे एकेका शब्दात मांडले आहे. गोलमोल बोलून वेळ मारून नेलेली नाही.

दुसरी गोष्ट, कुणाचेही नाव घेतलेले नाही. टेकडी सोडणाऱ्या एकाही तिरंदाजाचे नाव कुरआनमध्ये आढळणार नाही. कृत्य सांगितले, कारण सांगितले. व्यक्तीवर पडदा राहू दिला. सर्वांना एका मापाने मोजलेलेही नाही. तुमच्यापैकी काहींना दुनिया हवी होती, काहींना आखिरत, असा भेद त्याच आयतीत केला आहे.

तिसरी गोष्ट, दोष दुसऱ्यावर टाकण्याची वाट बंद केली आहे. हे संकट आले कुठून, असे लोक विचारू लागले, तेव्हा १६५व्या आयतीत उत्तर आले की ते तुमच्या स्वतःकडूनच आले. लगेच पुढच्या आयतीत असेही सांगितले की जे घडले ते अल्लाहच्या परवानगीने घडले. तकदीर आणि जबाबदारी येथे शेजारी शेजारी आहेत. तकदीरची सबब सांगून जबाबदारी झटकता येत नाही. आणि जबाबदारीच्या ओझ्याखाली अल्लाहच्या रहमतीपासून निराशही होता येत नाही.

चौथी गोष्ट, माफी. ज्या १५२व्या आयतीत चूक सांगितली, त्याच आयतीत अल्लाहने तुम्हाला माफ केले हेही सांगितले. १५५व्या आयतीत, त्या दिवशी पाठ फिरवणाऱ्यांबद्दल, ते पुन्हा सांगितले. आरोप एका अंकात आणि माफी पुढच्या अंकात, असे अल्लाहने केले नाही. आपण मात्र मुलांना चूक आज ऐकवतो आणि माफी द्यायला वर्ष लावतो.

पाचवी गोष्ट, त्याच माणसांना पुन्हा उभे केले. १५९व्या आयतीत प्रेषितांना (स.) उद्देशून सांगितले आहे की, अल्लाहच्या रहमतीमुळे तुम्ही या लोकांशी नरमाईने वागलात; तुम्ही कठोर असता तर ते तुमच्याभोवतून पांगले असते. मग चार आदेश क्रमाने येतात: त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी अल्लाहकडे मगफिरत मागा, कामकाजात त्यांचा सल्ला घ्या, आणि निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा.

हे केवळ शब्द नव्हते. सीरतच्या ग्रंथांत आहे की, उहुदच्या दुसऱ्याच दिवशी शत्रू परत फिरून हल्ला करील या शक्यतेने प्रेषित (स.) हमराउल असदकडे निघाले. त्या वेळी पुकारा झाला, की काल जे लढाईत होते त्यांनीच यावे. ताज्या दमाचे नवे लोक मागवले नाहीत. काल ज्यांचे पाय डगमगले होते, त्यांना या हुकमातून वगळले नाही. अंगावर जखमा घेऊन ते सारे निघाले, आणि कुरैश मक्केकडे निघून गेले. जखम लागल्यानंतरही अल्लाह आणि रसूलच्या हाकेला ओ देणाऱ्यांची तारीफ १७२व्या आयतीत आली आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. टेकडी सोडणाऱ्यांना मस्जिदमधून हाकलले नाही. त्यांना माफ केले, त्यांच्यासाठी दुआ मागितली, त्यांचा सल्ला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सोबत घेतले.

सहाबांनी हा धडा पुढेही जपला. सहीह बुखारीत आहे की बऱ्याच वर्षांनी एका माणसाने हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्यासमोर हजरत उस्मान (रजि.) यांचे उहुदच्या दिवशी मागे हटणे उकरून काढले. इब्ने उमर (रजि.) यांनी घटना नाकारली नाही. अल्लाहने त्यांना माफ केले आहे, अशी साक्ष त्यांनी दिली. ज्या चुकीवर अल्लाहने पडदा टाकला, ती मोबाइलवर पुन्हा पुन्हा चालवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

‘जर’ आणि उजळणी

येथे एक शंका येऊ शकते. सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे, की जे फायद्याचे आहे त्याची ओढ धरा, अल्लाहची मदत मागा, हातपाय गाळू नका. आणि काही विपरीत घडले तर ‘मी असे केले असते तर तसे झाले असते’ म्हणत बसू नका, कारण ‘जर’ हा शब्द शैतानासाठी दार उघडतो. मग झालेल्या चुकीची चर्चा करणे या मनाईत येत नाही काय?

हदीस पूर्ण वाचली की शंका दूर होते. तिची सुरुवात प्रयत्नाच्या आदेशाने आहे. मनाई त्या ‘जर’ची आहे जो माणसाला जागीच खिळवून ठेवतो, तकदीरवर नाराज करतो किंवा दुसऱ्याला टोचण्यासाठी वापरला जातो. उहुदनंतर काही लोक शहीदांविषयी म्हणत होते की ते आमच्यासोबत थांबले असते तर मारले गेले नसते. कुरआनने या बोलण्याची निंदा केली. मात्र त्याच सूरहमध्ये त्याच लढाईची तपशीलवार उजळणी स्वतः कुरआनने केली. म्हणजे मागे वळून पाहण्याचे दोन प्रकार झाले. एक उद्याची तयारी करतो, दुसरा कालच्या दिवसात कोंडून ठेवतो. मोमिन एकाच बिळातून दोनदा डसला जात नाही, हे हदीस सांगते. आणि बीळ कोणते होते हे पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा वाचता येत नाही.

ओळखण्याची साधी कसोटी अशी: चर्चा संपल्यावर पुढच्या वेळी काय करायचे हे ठरले असेल, तर ती उजळणी होती. केवळ कोण दोषी एवढेच ठरले असेल, तर तो शैतानाचा ‘जर’ होता.

वाईट निकाल म्हणजे वाईट निर्णय नव्हे

उहुदमध्ये आणखी एक बारकावा आहे. शहराबाहेर पडण्याचा निर्णय सल्लामसलतीने झाला होता आणि निकाल दुःखद लागला. एखाद्या दुनियादार पुढाऱ्याने म्हटले असते, आता पुन्हा कुणाला विचारायचे नाही. पण अल्लाहचा हुकूम आला तो यांचा सल्ला घेत राहा, असा. निकाल मनासारखा लागला नाही म्हणून निर्णय घेण्याची योग्य रीत टाकून दिली नाही.

हे आपल्या क्रिकेट संघानेही एकदा दाखवले. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कसोटीतील ती भारताची सर्वांत कमी धावसंख्या होती. पण त्याच सामन्याच्या पहिल्या डावात भारताने ५३ धावांची आघाडी घेतली होती. सारेच चुकले होते असे नव्हे. कर्णधार विराट कोहली घरी परतणार होता. नेतृत्व आपल्या महाराष्ट्राच्या अजिंक्य रहाणेकडे आले. घाबरलेल्या संघाने एक फलंदाज वाढवला असता. यांनी कोहलीच्या जागी रवींद्र जडेजाला घेऊन पाचवा गोलंदाज वाढवला. मोहम्मद सिराज याच सामन्यात कसोटीत प्रथम उतरला. महिनाभरापूर्वी वडिलांचे निधन झाले असूनही तो दौऱ्यावर थांबला होता. मेलबर्नचा सामना भारताने आठ गडी राखून जिंकला आणि पुढे मालिकाही २–१ अशी जिंकली.

घरात हा भेद फार उपयोगी पडतो. मुलीने मन लावून अभ्यास केला आणि तरीही गुण कमी पडले, तर निकाल वाईट आहे, रीत चांगली आहे. मुलाने काहीच न वाचता गुण मिळवले, तर निकाल चांगला आहे, रीत वाईट आहे. आपण दोघांनाही केवळ गुणपत्रिकेवरून तोलतो आणि दोघांनाही चुकीचा धडा देतो.

नमाजमधील शिकवण

कार्डिफच्या मैदानावर उणीव होती ती वेळीच भानावर येण्याची आणि भानावर आणण्याची. याचे शिक्षण आपल्याला रोज पाच वेळा मिळते. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे की एकदा प्रेषितांनी (स.) चार रकअतींच्या नमाजमध्ये दोनच रकअतींनंतर सलाम फेरला. हजरत अबू बक्र आणि हजरत उमर (रजि.) हजर होते, पण अदबीमुळे बोलू शकले नाहीत. जुल-यदैन नावाने ओळखले जाणारे एक सहाबी पुढे झाले आणि त्यांनी विचारले की नमाज कमी झाली की आपण विसरलात? प्रेषितांनी (स.) इतरांकडून खात्री करून घेतली, राहिलेल्या रकअती पूर्ण केल्या आणि सजदा-ए-सहव केला. विचारणाऱ्याला रागावले नाही.

आजही इमाम चुकला तर मागचा मुक्तदी ‘सुब्हानल्लाह’ म्हणून सावध करतो. तो वयाने लहान असेल, गरीब असेल, तरी इमामाला ते ऐकावे लागते. मुक्तदी ओरडत नाही, सफ सोडून जात नाही, नमाजनंतर चौकात जाऊन इमामाची चूक सांगत नाही. इमामही भूल झाली म्हणून इमामत सोडून पळत नाही. दोन सजदे करतो आणि नमाज पूर्ण करतो. चूक सुधारण्याची याहून सुंदर रीत मला ठाऊक नाही.

आपल्या घरातील बैठक

आता थोडक्यात अमलाच्या गोष्टी पाहू.

१. राग शांत होऊ द्या. परीक्षेचा निकाल, धंद्यातील नुकसान, लग्नकार्यातील गडबड यांची चर्चा त्याच तासाला करू नका.

२. सुरुवात मोठ्यांनी स्वतःपासून करावी. हजरत उमर (रजि.) यांची नसीहत आहे की तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तुम्ही स्वतःचा हिशेब घ्या. वडिलांनी आधी ‘माझे येथे चुकले’ म्हटले, की मुलाला खोटे बोलण्याची गरज उरत नाही.

३. चार प्रश्न पुरेत: काय ठरले होते, काय घडले, का घडले, पुढे काय करायचे. पाचवा प्रश्न, ‘तू असा कसा?’, विचारू नका.

४. चर्चा चार भिंतींत ठेवा. मोमिन हा मोमिनाचा आरसा आहे, ही हदीस आहे. आरसा डाग दाखवतो, पण समोर उभे असणाऱ्यालाच दाखवतो. माणूस दूर गेल्यावर आरशात काही उरत नाही. पाठीमागे सांगितले की तीच गोष्ट गीबत होते.

५. माफी आणि भरपाई यांचा घोळ करू नका. चुकीत दुसऱ्याचा हक्क बुडाला असेल, तर तो परत करावा लागेल. माफ करणे म्हणजे हक्कुल इबादवर पांघरूण घालणे नव्हे.

६. शेवटी जबाबदारी परत द्या. ज्याच्या हातून बरणी फुटली, त्याच्याच हाती दुसरी बरणी द्या. भरवसा परत मिळाला नाही, तर तोंडाने दिलेली माफी मुलाला पटत नाही.

त्या मुलाविषयी एवढेच सांगतो. उहुदच्या उरलेल्या आयतींचा अर्थ मी त्याला आणि त्याच्या वडिलांना तेथेच बसून सांगितला. दोन दिवसांनी इशानंतर संघाची मुले मस्जिदच्या ओट्यावर जमली. कर्णधार विशीतला मुलगा आहे. तो आधी बोलला, “सीमेवर दिव्याच्या झोतासमोर सगळ्यांत लहान पोराला मी उभं केलं. तिथं मी असायला हवं होतं.” मग एका गोलंदाजाने आपल्या वाइड चेंडूंचा हिशेब सांगितला. हरण्याची कारणे मोजता मोजता झेल बराच खाली गेला. ज्याने चित्रण टाकले होते, त्याने ते काढून टाकले आणि मुलाची माफी मागितली. पुढच्या दर्सला तो आला. मागच्या सफमध्ये बसला, पण आला.

मोबाइलमधून काढलेले चित्रण कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये अजून असेल. तो मुलगा पुढच्या हिवाळ्यात खेळेल की नाही, हेही मला सांगता येत नाही. झेल सुटणे हा गुनाह नव्हता. टेकडी सोडणे हा हुकूमभंग होता, आणि अल्लाहने तोही माफ केला. मग आपण आपल्या मुलांना एका झेलासाठी, एका पेपरसाठी, एका चुकलेल्या व्यवहारासाठी किती दिवस दाराबाहेर उभे ठेवणार आहोत, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

हे अल्लाह, आम्हाला आमच्या चुका पाहण्याची नजर दे, त्या मान्य करण्याचे धैर्य दे, दुसऱ्यांच्या चुकांवर पडदा टाकण्याची तौफीक दे, आणि पडलेल्याला हात देऊन उठवणाऱ्यांत आमची गणना कर. आमीन.